लंबोदर : मोठ्या पोटाचे तत्त्वज्ञान

उपवास आणि संयम यांना पुण्य मानणाऱ्या परंपरेत प्रत्येक कार्याच्या आरंभी पूजा होते ती मोठ्या पोटाच्या देवाची. अंगारकी संकष्टीला कल्याणजवळच्या टिटवाळ्यात भाविकांची रीघ लागते. दिवसभर उपाशी राहून ते लंबोदराचे दर्शन घेतात आणि चंद्रोदयानंतर मोदकांचा नैवेद्य दाखवून उपास सोडतात. स्थूल देह हा देवत्वाला शोभतो कसा, हा प्रश्न इथे सहज उभा राहतो.

महाराष्ट्राच्या शिल्पात हा देह गणपतीपेक्षा जुना आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला, इसवी सनापूर्वीचा यक्ष बुटका आणि ढेरपोट्या आहे. डोक्यावर पात्र धरून तो प्रसन्न हसतो. कान्हदास या सोनाराचे नाव त्याच्यावर कोरलेले आहे. यक्ष धनधान्याचे राखणदार, त्यांचा राजा कुबेरही तुंदिल. दुष्काळ ओळखीचा असलेल्या समाजात भरलेले पोट हे समृद्धीचे रूप होते.

संतवाङ्मयाने या पोटाला याहून खोल अर्थ दिला. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणात गणेश म्हणजे ओंकार: अकार त्याचे चरण, उकार विशाल उदर, मकार मस्तक. दासबोधाच्या आरंभी समर्थ रामदासांनी नाचणाऱ्या गणेशाचे डुलणारे दोंद, त्यावरचा नागबंद आणि रुणझुणणाऱ्या घंटिका रंगवल्या. ज्ञानदेवांच्या रूपकात उदर हा शब्दब्रह्माचा भाग होतो. समर्थांच्या वर्णनात तेच उदर नृत्याच्या आनंदात सामील होते. दोघांनाही ते झाकावेसे वाटले नाही. मुद्गल पुराणातील आठ अवतारांपैकी महोदर आणि लंबोदर या दोघांची नावेच पोटावरून आलेली आहेत. महोदर मोहासुराला जिंकतो, लंबोदर क्रोधासुराला. विकार जिंकणाऱ्याचे पोट इथे मोठे आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

म्हणजे परंपरेने देहाचा आकार आणि हावरेपणा यांची गल्लत केली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही. दोष ठरतो तो वागण्यातल्या अतिरेकाचा. शरीराच्या घडणीचा नाही. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी: संस्कृत नाटकातला विदूषक खादाड म्हणूनच हास्यास्पद होतो, आणि ढेरीवरची थट्टा लोकरंजनात आजही चालते.

या थट्टेवरचा निवाडा मात्र कथेत आहे. मोदक खाऊन निघालेला गणेश उंदरावरून पडला, तेव्हा चंद्र हसला; शाप मिळाला तो हसणाऱ्याला. भाद्रपद चतुर्थीला चंद्र पाहू नये, हा नियम मराठी घरांत पाळला जातो तो याच कथेमुळे. अलीकडे सपाट पोटाच्या, पीळदार स्नायूंच्या गणेशमूर्तीही घडवल्या जातात. त्या कितीही देखण्या असल्या, तरी उकाराचे विशाल उदर त्यांत उरत नाही आणि लंबोदर हे नाव त्यांना लागू पडत नाही.