एका महिन्याची मुदत

गेल्या हिवाळ्यात भिलाईत गोवामुक्तीवर एक व्याख्यान झालं. वक्ते बाहेरगावचे, अभ्यासू म्हणून बोलावलेले. बोलता बोलता ते पासपोर्टच्या वादावर आले आणि म्हणाले, "जमीन आपली झाली त्याच दिवशी माणसंही आपली झाली. आज लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेणारे देशद्रोही आहेत, देशाच्या सुरक्षेला धोका आहेत." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आमच्या सेक्टरमधले एक गोवेकर गृहस्थ बसले होते. सारी नोकरी इथल्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनवर केलेली. त्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांची पुतणी त्याच पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला काम करते.

त्या वक्त्यांना उत्तर द्यायला परदेशी पंडित आणायची गरज नाही. रायपूरच्या सरकारी शाळेत शिकलेला एक माणूस पुरेसा आहे. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला. पुढे नागपूरचं मॉरिस कॉलेज, मग केंब्रिज, मग नागपुरात वकिली आणि १९६८ साली सरन्यायाधीशपद. नव्या रायपुरातलं विधी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. २६ मार्च १९६९ ला त्यांनी दिलेला मोंतेरो खटल्याचा निकाल आपल्याकडे वकिलांपलीकडे फारसा कोणी वाचत नाही. तो वाचायला हवा.

हकिकत अशी. २० डिसेंबर १९६१ पासून गोवा भारताचा भाग झाला. २८ मार्च १९६२ ला नागरिकत्वाचा आदेश निघाला. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणाचाही जन्म त्या मुलखात झालेला, तो भारतीय नागरिक. मात्र कोणाला जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल तर त्याने एका महिन्यात लेखी कळवावं. रेव्हरंड मोंतेरो या धर्मगुरूंनी मुदत संपता संपता, २७ एप्रिलला, कळवलं की मी पोर्तुगीजच राहणार. त्यांना वास्तव्याचा परवाना मिळाला, तो १३ नोव्हेंबर १९६४ ला संपला. त्यांनी नव्याने अर्ज केला नाही, आणि देश सोडण्याचा आदेशही मानला नाही. परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली खटला झाला आणि शिक्षा लागली: ३० दिवसांची साधी कैद, ५० रुपये दंड. जिथे राहत होते त्याच गोव्यात ते परके ठरले.

त्यांच्या वतीने जिनिव्हा कराराचा आधार घेतला गेला. गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, आणि ताबा घेणाऱ्याला तिथल्या माणसाला हद्दपार करता येत नाही. हिदायतुल्लांनी ताबा आणि खालसा करणं यांतला फरक नेमका मांडला. लढाई चालू असताना मुलूख खालसा झाला म्हणून जाहीर केलं तर त्याला अर्थ नसतो. इथे चकमक काही तासांची झाली, प्रतिकार संपला, मुलूख खरोखर आणि कायमचा भारतात आला. ताबा संपला, त्याबरोबर त्या कराराचं छत्रही संपलं.

निकाल मला पटतो. पण पहिल्यांदा वाचताना तो मला लागला होता. शाळेत आम्ही 'मुक्ती' शिकलो, आणि न्यायालयाने मात्र मुलूख जिंकून घेतल्याचा हिशेब मांडला होता. खालसा हा शब्द आम्हा नागपूरकरांच्या जिव्हारी लागलेला आहे. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले वारले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. त्यात आजचं दुर्ग, भिलाई, रायपूर सगळं गेलं. रयतेला कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याआधी सुमारे ११० वर्षं भोसल्यांचे सेनापती भास्करपंत फौज घेऊन छत्तीसगडातल्या रतनपूरवर आले तेव्हा आम्हीही इथल्या माणसाला विचारलं नव्हतं. छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी माणसाने हे विसरू नये.

म्हणून त्या एका महिन्याचं मोल मोठं आहे, असं मी लिहायला बसलो होतो. भारताने निदान विचारलं. 'माणसंही आपली झाली' असं खुद्द भारत सरकारने मानलं नव्हतं. माणसाला नाही म्हणायची वाट ठेवली होती.

पण मग क्रिमियाचे कागद वाचले. १८ मार्च २०१४ चा, क्रिमिया रशियात सामील करून घेण्याचा करार. तिथेही मुदत एक महिन्याचीच. जुनं नागरिकत्व हवं असेल तर महिनाभरात सांगा, नाहीतर तुम्ही रशियन. माझा सगळा युक्तिवाद तिथे लटका पडला. महिनाभराच्या मुदतीने सरकारचा कागद पुरा होतो, माणसाची संमती मिळत नाही. घर, शेत, म्हातारे आईबाप, चर्च, नोकरी यांचा विचार करून देश निवडायला एक महिना देणं अन्याय आहे. रशियाने केला तरी आणि आपण केला तरी.

मग फरक कुठे आहे? १६ जानेवारी १९६७ ला आहे. त्या दिवशी गोव्याने मत दिलं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. माझे वडील फुलाच्या बाजूचे. ते कित्येक वर्षं हळहळत राहिले. भारतात राहायचं की नाही हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर नव्हता, हेही मी मान्य करतो. पण विलीनीकरण हवं असलेल्या गोव्यातल्या सत्ताधारी पक्षाच्या मनाविरुद्ध कौल आला आणि दिल्लीने तो पाळला. बंदुकीच्या छायेत, ताबा घेतल्यावर तीन आठवड्यांच्या आत उरकलेल्या क्रिमियाच्या सार्वमताशी याची तुलना होत नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ७ मतं पडली होती, बाजूने ४. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. ज्यांनी आमची पहिली झोतभट्टी उभी केली त्यांनीच तेव्हा भारताला सावरलं, असं वडील अभिमानाने सांगत. पण नकाराधिकार त्या रात्रीपुरता होता. पोर्तुगालने आपलं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. तेरा वर्षं त्यांच्या लेखी गोवा त्यांचाच होता. त्या काळात गोवा एकंदरीत शांत राहिला तो, माझ्या मते, तिथल्या माणसाला आपलं म्हणणं ऐकलं जातंय याची खात्री पटल्यामुळे.

त्याच तेरा वर्षांत आजच्या पासपोर्टच्या वादाचं मूळ आहे. एकाच माणसाला दोन देश आपला म्हणत होते. त्यामुळे १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने आजही पोर्तुगीज आहे, आणि त्याच्या मुलानातवंडांनाही त्यातून हक्क पोचतो. आपल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय गेलं.

व्याख्यानानंतर शेजारच्या गृहस्थांनी मला घरी नेलं आणि वडिलांचा जन्मदाखला दाखवला. पिवळा पडलेला कागद, पोर्तुगीज अक्षरं, घडीवर चिरलेला, मागून पारदर्शक टेप लावलेली. मूळ कागद इथेच राहिला, पुतणीने नेली ती त्याची प्रमाणित प्रत. तिला भारताशी काही तोडायचं नव्हतं. कारखान्यात पाळी मिळेल, आईला पैसे पाठवता येतील, एवढाच हिशेब होता. आता ती आईला भेटायला येते ती व्हिसा काढून.

या मुलीपासून देशाला कोणता धोका आहे? हिदायतुल्लांच्या न्यायालयाने मोंतेरोंनाही देशद्रोही म्हटलं नव्हतं. परदेशी म्हटलं, कायद्याप्रमाणे शिक्षा कायम केली आणि तिथेच थांबलं. त्या वक्त्यांनी भिलाईत वापरलेला शब्द भिलाईत येऊन, त्याच व्यासपीठावरून मागे घ्यावा.