पापाचा उच्चार आणि नाथांघरचे पान



लातूर-नांदेड मार्गावरील चाकूर येथे दर्शनास येणाऱ्या बहुतेकांच्या ओठांवर काही मागणे असते. कोणाला पाऊस हवा असतो, कोणाला संतती, कोणाला लेकीचे लग्न जमावयास हवे असते. परंतु या रांगेत असाही एखादा असतो की, त्यास काही मागावयाचे नसून सांगावयाचे असते. आणि नेमके तेच त्याच्याने होत नाही.

अशा भाविकाने मराठवाड्यातीलच पैठणक्षेत्रीची एक कथा ध्यानी घ्यावी. श्रीसंत एकनाथ महाराजांच्या (१५३३-१५९९) चरित्रात ती परंपरेने सांगितली जाते. एका ब्राह्मणाच्या हातून ब्रह्महत्या घडली. आपले पाप स्वमुखाने सांगत, नामस्मरण करीत तो पैठणास आला. स्मृतिग्रंथांनी पापक्षालनाच्या साधनांत ‘ख्यापन’ व ‘अनुताप’ यांचा निर्देश केला आहे. ख्यापन म्हणजे केलेले पाप उघडपणे बोलून दाखविणे. या मनुष्याने दोन्ही केले होते. नाथांनी त्यास घरी नेले, पान वाढले व जेवू घातले.

ब्रह्मवृंद क्षुब्ध झाला. हा शुद्ध झाला याला प्रमाण काय? तेव्हा दगडी नंदीपुढे कडबा ठेवण्यात आला व नंदीने तो खाल्ला, असे कथा सांगते. कीर्तनातून या चमत्कारावरच अधिक भर दिला जातो. वास्तविक नंदीने तोंड उघडण्यापूर्वीच नाथांनी पान वाढलेले होते. प्रमाण लोकांना हवे होते, नाथांना नव्हे.

मेलेला मनुष्य यामुळे परत आला नाही, हेही खरे. म्हणूनच जे भरून देता येण्यासारखे आहे, ते दिलेच पाहिजे. भावाचा बांध कोरला असेल तर तो पूर्ववत करावा लागतो. ते काम देवावर सोपविता येत नाही. दानाचेही तसेच. देणगीने अन्नदान घडते, भुकेलेले जेवतात, आणि दात्यास पुण्य लाभते. मात्र कार्यालयातून मिळणारी पावती रकमेची असते, अपराधाची नसते.

‘इतक्या वेळा चुकलो, आता कोणत्या तोंडाने जावे?’ असे ज्यास वाटते, त्याच्यासाठी नाथांचीच दुसरी कथा आहे. गोदावरीत स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य थुंकला. नाथ पुन्हा नदीवर गेले. तो पुन्हा थुंकला. शंभरावर वेळा असे घडल्याचे सांगतात. अखेर थकला तो थुंकणाराच. त्याने नाथांचे पाय धरले आणि आपला अपराध बोलून दाखविला. नाथांनी त्यास उठविले व म्हटले की, त्याच्यामुळेच त्या दिवशी गोदामाईची इतकी स्नाने घडली.