सेवा करणाऱ्या देहातही तोच आहे



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पाचव्या आणि सहाव्या श्लोकांवर. भगवंत इथे तपाबद्दल बोलतायत. भावार्थ असा, की शास्त्राने सांगितलेलं नसताना जे लोक दंभाने, हट्टाने घोर तप करतात, ते स्वतःच्या शरीराला तर झिजवतातच, पण त्या शरीरात राहणाऱ्या मलाही कष्ट देतात.

हे श्लोक दंभाने तप करणाऱ्यांसाठी आहेत, हे आधीच सांगते. पण त्यात भगवंतांनी जे कारण दिलंय ते आपल्या सगळ्यांना लागू आहे. देह झिजवू नका, कारण त्यात मी राहतो. आपण एरवी म्हणतो, समोरच्या माणसात देव बघा. इथे भगवंत सांगतायत, स्वतःच्या देहातही बघा. आणि हे वाचताना मला सारख्या आठवतात त्या आपल्या हॉस्पिटलमधल्या सिस्टर आणि ब्रदर.

माझी मावसबहीण आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मी तिला ताई म्हणते. रात्री आठ ते सकाळी आठ, सलग पाच नाईट. हँडओव्हर देऊन घरी पोचायला साडेनऊ. मग मुलाचा डबा, सासूबाईंचं औषध, आणि जेमतेम तीन तास झोप. मागच्या वर्षी एकदा ती मला म्हणाली, "अगं, हल्ली पेशंटचे नातेवाईक रडतात तरी मला आत काहीच होत नाही. देवासमोर बसले तरी काही वाटत नाही. मी दगड झालेय का गं?"

मंडळी, जिने सेवेलाच पूजा मानलं, तिला आपली करुणाच आटली असं वाटणं म्हणजे काय, याचा विचार करा. नोकरी जाण्यापेक्षा मोठी भीती आहे ही.

यावर पहिली गोष्ट अशी, की हे पाप नाही आणि भक्ती कमी पडली असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआऊट' म्हणजे काय ते नीट मांडलं. कामाच्या ठिकाणचा ताण वर्षानुवर्षं साचत गेला आणि त्याची व्यवस्था लागली नाही की तीन गोष्टी दिसतात : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. ताईचा 'दगड' यातच बसतो.

दुसरी गोष्ट मला एका डॉक्टरांच्या विचारात सापडली. नोसरत पेसेश्कियान, जन्म १९३३, मूळचे इराणचे. वैद्यकीय शिक्षणासाठी जर्मनीत गेले आणि तिथल्या वीसबाडेन शहरात त्यांनी 'पॉझिटिव्ह सायकोथेरपी' ही उपचारपद्धत उभी केली. २०१० मध्ये ते गेले. पेशंटशी बोलताना ते पूर्वेकडच्या गोष्टी सांगायचे, आपल्याकडे कीर्तनकार दृष्टांत देतात तशा.

'पॉझिटिव्ह' म्हटलं की आपल्याला वाटतं, हसत राहा, चांगलं बोला. पेसेश्कियान यांनी हा शब्द लॅटिनमधल्या 'पॉझिटम' या मुळापासून घेतला. जे समोर आहे, जे खरोखर आहे, ते सगळं. म्हणजे दुखणंही आणि दुखणं सोसण्याची ताकदही. दुःख झाकायचं नाही, पण माणूस म्हणजे फक्त त्याचं दुःख असंही समजायचं नाही.

त्यांनी आयुष्याचे चार कोपरे सांगितले. पहिला शरीराचा, दुसरा कामाचा, तिसरा नात्यांचा, आणि चौथा अर्थाचा, म्हणजे आपली श्रद्धा, कल्पना, उद्याची स्वप्नं. आपली शक्ती या चारही कोपऱ्यांत साधारण सारखी वाटली जावी. इथे तास मोजायचे नाहीत. जीव कुठे खर्च होतो ते बघायचं.

ताईने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला हा चौकोन काढला. शरीर : ड्यूटीवर पाणी प्यायला वेळ नाही, पेशंटला कुशीवर वळवून वळवून कंबर गेलेली. काम : कागद पुरेना. नाती : नवरा कामाला निघतो तेव्हा ही दारात येते, बोलणं होतं ते किल्लीपुरतं. आणि चौथा कोपरा कोराच. ती बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली.

पेसेश्कियान यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटलं. माणसात दोन प्रकारच्या क्षमता असतात. एका बाजूला वक्तशीरपणा, टापटीप, स्वच्छता, शिस्त. दुसऱ्या बाजूला प्रेम, धीर, विश्वास, आशा, दुसऱ्याला वेळ देणं. नर्सिंगच्या शिक्षणात पहिल्या बाजूला किती घासूनपुसून लख्ख करतात बघा! इंजेक्शनची वेळ चुकत नाही, चार्ट अपुरा राहत नाही. दुसरी बाजू मात्र आहेच असं सगळे धरून चालतात, ती कशावर जगते हे कुणी विचारत नाही. विहिरीतून रोज उपसायचं आणि झऱ्याकडे बघायचंच नाही, तर पाणी तळाला जाणारच.

म्हणून मी ताईला म्हटलं, "तू दगड झाली नाहीस. आत जे थोडं उरलंय ते वाचवायला मनाने दार लावून घेतलंय."

आता गीतेच्या सहाव्या अध्यायातले सोळावा-सतरावा श्लोक बघा. अती खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अती झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, काम, झोप, सगळं मापात असेल तर योग दुःख दूर करतो. आणि भगवंत हे कुणाला सांगतायत? रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनाला! समोर युद्ध असताना देव जेवणा-झोपेबद्दल बोलतोय. 'एवढं काम असताना स्वतःकडे काय बघायचं' असं वाटणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर आहे.

पण कुणी विचारेल, आणि बरोबरच विचारेल : वॉर्डात माणसंच कमी, दोघींचं काम एकीवर, मग चौकोन काढून काय होणार?

यावर मला जनाबाईंची कथा आठवते. पंढरपुरात नामदेवांच्या घरी जनाबाई राबायच्या, दळण-कांडण, सगळं. कथा सांगते की विठ्ठल स्वतः आला आणि त्यांच्यासोबत दळू लागला. 'जने, मन प्रसन्न ठेव' असा उपदेश करून तो निघून गेला नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला.

आपल्यालाही तेच करायचंय. पुरेसा स्टाफ आणि हक्काची सुट्टी देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. कुठलीही थेरपी त्याची जागा घेऊ शकत नाही. पण घरातला खुंटा आपल्या हातात आहे. नाईट करून आलेल्या माणसाची झोप ही देवघरातल्या शांततेसारखी जपा. खोलीत अंधार करा, डबा दुसऱ्या कुणी करा, पाहुण्यांना संध्याकाळी बोलवा. आणि आपण नातेवाईक म्हणून वॉर्डात असू, तर डॉक्टरांना उशीर झाल्याचा राग सिस्टरवर काढू नका.

ताईकडे काय बदललं? डबा आता भावोजी करतात. मुलाला शाळेत तेच सोडतात. ऑफच्या दिवशी ती एका जुन्या मैत्रिणीशी अर्धा तास बोलते, हॉस्पिटलचा विषय काढायचा नाही या अटीवर. आणि चौथ्या कोपऱ्यासाठी तिने स्वतःच वाट काढली. प्रत्येक पेशंटआधी हातावर सॅनिटायझर चोळायला वीस-तीस सेकंद लागतात. तेवढ्यात ती मनात विठ्ठलाचं नाव घेते. वेगळा वेळ लागत नाही.

चमत्कार झाला नाही. नाईट अजून आहेत, कंबरही दुखते. पण परवा तिचा फोन आला. एका आजींना डिस्चार्ज मिळाला, त्यांनी जाताना हिच्या गालावरून हात फिरवला आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "अगं, बरं वाटलं रडायला."

एक महत्त्वाचं. झोप पूर्ण उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर कागदावर चौकोन काढत बसू नका. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फोन मोफत आहे. मदत मागणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी होणं नव्हे. तो बरेचदा माणसांच्याच हातांनी जात्यावर बसतो.

आजचा संकल्प : जे सेवेत आहेत त्यांनी आज चार कोपरे लिहून काढा आणि जो कोरा दिसेल त्यात एक छोटीशी गोष्ट भरा. बाकीच्यांनी आपल्या ओळखीतल्या एका सिस्टरला किंवा ब्रदरला फोन करा आणि विचारा, "तुझं कुठलं काम मी करू?"

पांडुरंगा, दुसऱ्यांच्या देहात तुला बघणाऱ्यांना स्वतःच्या देहातही तू दिस.

राम कृष्ण हरी!