रविवारचा फोन

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, एका चौकाच्या कोपऱ्यावर, नाणी टाकून बोलायचा फोन आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता रोसारिओ नावाची बाई तिथे उभी राहते आणि मेक्सिकोतल्या आपल्या मुलाशी बोलते. मुलाचे नाव कार्लितोस. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आता नऊ वर्षांचा झाला आहे. तो तिला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतो : तू उभी आहेस तिथे आजूबाजूला काय काय दिसते, ते सांग. ती सांगते. पिझ्झाचे दुकान, कपडे धुण्याचे दुकान, बसथांबा, भिंतीवर रंगवलेले मोठे चित्र. ते वर्णन मुलाला तोंडपाठ होते. हाच त्याचा नकाशा.

पत्रिशिया रिग्गेन या दिग्दर्शिकेचा 'ला मिस्मा लुना' हा चित्रपट २००७ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात प्रथम दाखवला गेला. नावाचा अर्थ 'तोच चंद्र'. माझी आठवण आली की चंद्राकडे बघ, मीही त्याच चंद्राकडे बघत असेन, असे आईने मुलाला सांगून ठेवलेले असते. कथा थोडक्यात अशी : सांभाळणारी आजी मरण पावते, कार्लितोस कोणाला न सांगता सरहद्द ओलांडतो आणि एका आठवड्यात, पुढचा रविवार यायच्या आत, तो फोन शोधत लॉस एंजेलिसला पोहोचतो. मी हा चित्रपट अलीकडे दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी रडलो होतो. दुसऱ्या वेळी रडण्याऐवजी भांडावेसे वाटले. कोणाशी, ते नीटसे ठरत नव्हते, म्हणून हे लिहायला घेतले.

आपले मूल मागे ठेवून, त्याच मुलासाठी परदेशी जाणे, हे त्या मुलावर केलेले उपकार आहेत की त्याच्यावर केलेला अन्याय? प्रश्न असा सरळ विचारला की आपल्याकडे, विशेषतः रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांत, लोक जरा गप्प होतात. कारण आमच्याकडे ज्याच्या घरातले कोणी आखातात गेले नाही असे घर शोधावे लागते. गावातली पक्की घरे, लाद्या घातलेल्या पडव्या, मशिदीचा नवा मिनार, मुलींची लग्ने, सगळे त्या पैशातून उभे राहिले. हा प्रश्न विचारणे म्हणजे आपण ज्या छपराखाली झोपतो त्याचीच कौले काढून बघण्यासारखे आहे.

माझे अब्बा कुवेतला एका गोदामात कामाला होते. दोन वर्षांतून एकदा येत, दीड महिना राहत. माझ्या लहानपणी गावात फोन नव्हता. पत्र यायचे, आणि कोणी सुट्टीवर येणार असले की त्याच्या हाती कॅसेट यायची. अब्बा कॅसेटमध्ये बोलत. मग उलट बाजूने आम्ही बोलायचे आणि ती परत पाठवायची. अम्मी टेपरेकॉर्डर समोर ठेवून म्हणायची, 'बोल, अब्बांना काय सांगायचंय ते सांग.' मला काही सुचायचे नाही. माणसाशी बोलताना आपण बोलतो, थांबतो, तो काही म्हणतो, मग आपल्याला पुढचे सुचते. टेप नुसती फिरत राहते. माझ्या जुन्या कॅसेटमध्ये माझ्या आवाजापेक्षा कोंबड्यांचा आवाज जास्त आहे. कार्लितोस त्या मानाने नशीबवान, त्याला दर आठवड्याला उत्तर देणारा आवाज होता. असे मी म्हणतो खरे, पण आठवड्यातल्या दहा मिनिटांना नशीब म्हणायचे का, हेही तपासायला हवे.

२ ऑगस्ट १९९० ला इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणले गेले, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानहून, विमानांच्या फेऱ्या करून. अब्बा त्यांतले एक. ते घरी आले तेव्हा हातात एक पिशवी होती, दाढी वाढलेली होती आणि बारा वर्षांच्या नोकरीची शेवटची थकबाकी तिकडेच राहिली होती. घरात मयत झाल्यासारखे वातावरण. शेजारपाजारचे येत, बसत, हळू आवाजात बोलत. दादी जायनमाज सोडून उठत नव्हती. मी अकरा वर्षांचा होतो, आणि मी इतका आनंदात होतो की तो लपवायला मला पाणंदीत जाऊन पळावे लागत होते. अब्बा सकाळी घरात होते. संध्याकाळी घरात होते. माणसे बुडाली, देश बुडाला, आणि त्यातून मला बाप मिळाला. या आनंदाची लाज मला पुढे कितीतरी वर्षे वाटली. आज वाटत नाही, पण ती का वाटली, याचे कोडे आहेच. मुलाला जे हवे होते आणि मुलासाठी म्हणून जे चालले होते, ते इतके विरुद्ध दिशेला कसे गेले?

सव्वा वर्षाने अब्बा पुन्हा गेले. या वेळी दोहाला.

आता चित्रपटाकडे. दिग्दर्शिकेने एक गोष्ट फार प्रामाणिकपणे दाखवली आहे, ती म्हणजे कार्लितोसचा बाप. वाटेत मुलाला कळते की बाप ट्यूसॉनमध्ये राहतो. तो त्याला जाऊन भेटतो. बाप आधी म्हणतो, मी तुला आईकडे पोहोचवतो, आणि मग येतच नाही. बापही गेलेला, आईही गेलेली. अंतर मोजायला गेलो तर दोघेही तितकेच दूर. तरी प्रेक्षक म्हणून आपण एकाला नालायक म्हणतो आणि दुसरीसाठी डोळे पुसतो. का? ती दरमहा तीनशे डॉलर पाठवते म्हणून? पैसे हेच उत्तर असते तर प्रश्न कधीच मिटला असता. मला वाटते, फरक त्या रविवारच्या दहाच्या ठोक्यात आहे. वचन छोटे आहे, पण ते पाळले जाते. आई कुठे आहे हे मुलाला ठाऊक आहे, ती कधी बोलणार हे ठाऊक आहे, आणि 'कधी येणार?' हे विचारायचा त्याला हक्क आहे. बापाला तो काहीच विचारू शकत नव्हता.

विचारण्याच्या या हक्कावर थोडे थांबायला हवे. हाजरा आणि तान्हा इस्माईल यांना इब्राहीम ओसाड दरीत ठेवून निघाले, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. हजच्या दिवसांत तर हमखास. सांगणारे बहुधा इब्राहीमांच्या निष्ठेवर आणि झमझमच्या पाण्यावर भर देतात. पण हदीसमधल्या त्या कथेत हाजरा त्यांच्या मागे चालत जाते आणि विचारते, आम्हांला इथे टाकून कुठे चाललात? पुन्हा पुन्हा विचारते. शेवटी विचारते, हा अल्लाहचा हुकूम आहे का? उत्तर मिळाल्यावरच ती मागे वळते. जाणाऱ्याला मागे राहणाऱ्याच्या प्रश्नातून सुटका नाही, हे त्या कथेत आहे. आमच्या गावात ते कधी कोणी मोठ्याने सांगितले नाही. जाणारा पहाटे जायचा, मुले झोपलेली असताना, रडारड नको म्हणून. ही सोय कोणाची होती? मुलाची नक्कीच नव्हती. आणि जाणाऱ्यामागे खुदाई हुकूम नव्हता, एजंटने आणलेला व्हिसा होता.

चित्रपटाची बाजू घ्यायची तर असे म्हणता येईल की रोसारिओपुढे पर्याय कुठे होते? खरे आहे. अमेरिकेत १९९६ साली जो कायदा झाला त्यानुसार, परवान्याविना एक वर्षाहून जास्त राहिलेला माणूस देशाबाहेर गेला की त्याला दहा वर्षे परत प्रवेश नाही. म्हणजे मुलाला भेटून परत यावे, ही वाटच बंद. त्याआधी कितीतरी दशके मेक्सिकोचे मजूर हंगामापुरते जात आणि घरी परतत. १९९४ पासून सरहद्दीवर पहारा कडक होत गेला, ओलांडणे महाग आणि जिवावरचे झाले, तेव्हा जो एकदा आत गेला तो परतायचा थांबला. कुंपण बाहेरच्यांना अडवण्यासाठी घातले होते, त्याने आतल्यांना कोंडून ठेवले. आखाताचा हिशेब निराळा, पण फळ तेच. तिथे कमी पगाराच्या कामगाराला बायकापोरे न्यायची मुभाच नसते. त्यामुळे बायकामुले असलेले पुरुषही तिकडे 'बॅचलर' म्हणून मोजले जातात. अब्बांच्या खोलीत अशा सहा बॅचलरांना मिळून एकवीस मुले होती. हा त्यांचा नेहमीचा विनोद, आणि तो ते सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सांगत.

तेव्हा दोष कायद्याचा, दारिद्र्याचा, सरकारांचा. हे सगळे मान्य. तरीही एक प्रश्न उरतो. परिस्थितीने भाग पाडले, असे म्हटले की निर्णय घेणारा निर्दोष ठरतो. पण तो निर्णय ज्याच्या अंगावर पडला त्याची भरपाई त्याने होत नाही. 'मी काही चूक केली नाही' आणि 'तुझे नुकसान झाले' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. आपण मात्र पहिले वाक्य दुसऱ्याचे तोंड बंद करायला वापरतो. मुलाने तक्रार केली की त्याला हिशेब दाखवतो : ही फी, हे कपडे, हे घर. मुलाने न मागितलेल्या कर्जाची वसुली त्याच्याकडून कृतज्ञतेच्या रूपाने होते.

चित्रपट नेमका इथे पळ काढतो. शेवटच्या प्रसंगात आई आणि मुलगा रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत, मधून गाड्या धावत आहेत, ती त्याला ओरडून थांबायला सांगते आहे, आणि पादचाऱ्यांचा दिवा लागतो. तिथे चित्र संपते. प्रसंग सुंदर आहे, ते नाकारत नाही. पण खरी गोष्ट दिवा लागल्यानंतरची.

ती वाचायची असेल तर 'एनरिकेज जर्नी' हे सोनिया नझारिओ या पत्रकार बाईंचे पुस्तक आहे. 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये २००२ साली ते लेखमालेच्या रूपात आले, २००३ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. (चित्रपटात कार्लितोसला सोबत करणाऱ्या मजुराचे नावही एनरिके आहे.) होंडुरासमधला हा खराखुरा मुलगा पाच वर्षांचा असताना आई अमेरिकेला गेली. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो मालगाड्यांच्या टपांवरून तिच्या मागे निघाला, सात वेळा पकडून परत पाठवला गेला, आठव्या वेळी पोहोचला. आई भेटली. आणि मग भांडणे सुरू झाली. तू मला का टाकलेस, हे तो विचारू लागला, दारू पिऊ लागला. आई म्हणे, मी तुझ्यासाठी राबले. दोघेही खरे बोलत होते. सर्वांत जिव्हारी लागणारी बाब अशी की निघताना तो स्वतः आपल्या गरोदर मैत्रिणीला मागे सोडून आला होता. मुलगी झाली. पुढे त्या मैत्रिणीनेही तीन-एक वर्षांच्या मुलीला मागे ठेवले आणि ती त्याच्याकडे निघून गेली. ज्याने हे भोगले त्यानेच ते पुढे चालू ठेवले. त्याला दूषण देणारा मी कोण?

कारण माझाही हिशेब स्वच्छ नाही. मला दोनदा बाहेर जायची संधी आली, मी गेलो नाही, तालुक्याच्या गावी मास्तरकी केली, रोज संध्याकाळी मुलांच्या पानाला पान लावून जेवलो. याचा मला काही काळ फार अभिमान होता. पण न जाण्याची ही ऐपत मला कोणी दिली? माझे डी.एड. अब्बांच्या रियालांवर झाले. त्यांच्या गैरहजेरीच्या पैशावर मी माझी हजेरी विकत घेतली. माझ्या मुलाला परवा इंजिनीअरिंगला मनाजोगत्या ठिकाणी घालता आले नाही, तेव्हा तो काही बोलला नाही. त्याचे न बोलणे मी ओळखतो, कारण तसाच मी त्या टेपरेकॉर्डरसमोर बसायचो.

अब्बा २०१६ साली गेले. त्याच्या आदल्या वर्षी, माडाखाली खुर्ची टाकून बसले असताना, मी धीर करून विचारले होते की तुम्हांला कधी वाटले नाही का, राहावे इथेच. ते बराच वेळ खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'नव्वदला आलो ना, तेव्हा तू मागे मागे फिरायचास. मला वाटायचं, हा विचारेल आता, अब्बा, परत जाणार काय? तू काय विचारलं नाहीस.' मी म्हटले, विचारले असते तर थांबला असता का? 'गेलोच असतो,' ते म्हणाले. 'पण तुला सांगून गेलो असतो.'

चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा अम्मी शेजारी बसली होती. तिला स्पॅनिश येत नाही, खालच्या इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत, मधूनमधून मी सांगत होतो. सिग्नलच्या प्रसंगात ती जरा पुढे सरकली, पोराने मधेच रस्त्यात उडी घेऊ नये म्हणून पुटपुटली. दिवा लागला, नावे वर सरकू लागली. मी डोळे पुसतो आहे की काय हे बघून ती म्हणाली, 'बरं झालं, भेटली. पण उद्या सोमवार ना? ती कामाला गेली की पोर कोणाकडे राहणार?'