मिश्रीची पुडी

चि. धाकटीस,


तुझा फोन आला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पोरीच्या कंपासपेटीत मिश्रीची पुडी सापडली, तू तिच्या दोन थोबाडीत दिल्यास आणि पुडी चुलीत टाकलीस. पुडीचं बरं केलंस. थोबाडीत द्यायला नको होत्यास.

तिला मिश्री मिळाली कुठून, असं मला विचारतेस! अगं, आई तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा घरभर खकाणा उठायचा नि आपण खोकत अंगणात पळायचो. आज तूही दातांवरून बोट फिरवल्याशिवाय चहाला शिवत नाहीस. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, अठराच्या आतल्या पोरांना तंबाखू विकायलाही मनाई आहे. पण घरातल्या फडताळाला कसला कायदा?

तिला 'का लावतेस' विचारलंस तर 'दाढ दुखते' म्हणेल. आरोग्य उपकेंद्रात मी हेच ऐकत आले. म्हणून काल फोनवर तिला 'केव्हा लावतेस' एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, गणिताच्या तासाआधी, नि पप्पा रात्री पिऊन आले की. दाढ वेळ बघून दुखते होय?

निकोटिननं घटकाभर हलकं वाटतं. दोनेक तासांत रक्तातलं निम्मं उतरतं, मग चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही. पुन्हा बोट दातांवर गेलं की चिडचिड थांबते, नि पोरीला वाटतं भीती गेली. गणित असतं तिथंच.

गणिताचे सर तिला फळ्याशी उभं करून हसतात म्हणे. शिकवणी लावण्याआधी शाळेत जा, ते थांबव. तुझ्या मालकांचं पिणं सुटणं सोपं नाही, ठाऊक आहे मला. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसन सोडवायचंच काम करतंय. मालक तयार झाले तर मी सोबत जाईन. तोवर ते पिऊन येतील त्या रात्री पोरीला माझ्याकडे धाड, दहावीचा अभ्यास इथं होईल. आपल्याशी बोलायचं नसेल तर १४४१६ नंबर तिला लिहून दे. टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा आहे, फुकट, मराठीत बोलतात.

सोडल्यावर पहिले काही दिवस ती खेकसेल, डोकं दुखेल. तेव्हा जुनी पुडी उगाळू नकोस. मात्र तू सकाळी तिच्यासमोर मिश्रीची डबी उघडून बसलीस, तर माझं हे सगळं बोलणं वाया.

रविवारी पहिल्या एसटीनं येते. डबी काढून ठेव, जाताना मी नेणार आहे.

तुझी,
अक्का