हिशेब शेजाऱ्याचाच का?

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघून मांजरसुंब्याच्या पुढे गेले की बालाघाटाच्या पठारावर चौसाळा लागते. २००८च्या पुनर्रचनेपर्यंत या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. आता बाहेरचा माणूस त्याला महामार्गावरचे एक मोठे गाव म्हणून ओळखतो. अशा गावात कुणाचे कसे चालले आहे हे विचारावे लागत नाही, रस्त्यावरूनच दिसते. एकाचे पत्र्याचे घर, दुसऱ्याच्या स्लॅबमधून बाहेर आलेल्या सळया, तिसऱ्याचा रंगवलेला बंगला आणि त्याच्यापुढे उभी असलेली गाडी. येणाऱ्या-जाणाऱ्याचा डोळा या सगळ्यावरून फिरतो आणि तेवढ्यात माणसाचा निकाल लागतो. 'त्याचं चांगलं झालं', 'ह्याचं बसलं', 'तो आता लई माजलाय.'

जुन्या मराठवाड्यात संपत्ती इतकी उघड्यावर नसे. ज्वारी जमिनीखालच्या पेवात असायची. सोने-नाणे वाड्याच्या आत, आणि वाड्याच्या बाहेरच्या भिंतीला खिडक्याही मोजक्या. पण म्हणून तो काळ समाधानाचा होता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. निजामी राजवटीत जहागीरदार, देशमुख, पाटील आणि त्यांच्या खालचे कूळ यांच्यातले अंतर आजच्यापेक्षा कितीतरी क्रूर होते. मात्र ते जन्माने ठरलेले असल्यामुळे कुळाने देशमुखाशी स्वतःची तुलना करण्याचा प्रश्नच येत नसे. फ्रेंच विचारवंत तोकव्हिलने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेबद्दल हेच नोंदवले होते: जिथे कुणीही वर जाऊ शकतो असे सगळ्यांना वाटू लागते, तिथे उरलेले लहानसे अंतरही माणसाला सलते. म्हणजे हेवा हा समतेच्या आशेबरोबरच येतो. त्याला नुसते पाप म्हणून हाकलून चालणार नाही. तो कुणाकडे वळतो आणि कुणाला सोडून देतो, हे पाहायला हवे.

तो वळतो शेजाऱ्याकडे. एर्झो लुटमर या अर्थशास्त्रज्ञाने २००५ साली अमेरिकेतल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपली कमाई तेवढीच राहून आसपासच्या लोकांची वाढली, तर माणसाचे समाधान घटते, असे त्यात दिसले. आपल्याकडे भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. मुंबईतल्या उद्योगपतीच्या घरच्या लग्नात किती कोटी उडाले, हे आपण मोबाइलवर कौतुकाने बघतो. चुलतभावाने बांधावर बोअर घेतला आणि त्याला पाणी लागले, की मात्र झोप उडते.

त्या बोअरचेच उदाहरण घेऊ. आपल्या पठाराखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. भेगा असतील, झिजलेला थर असेल, तिथेच साठते. एकाच शिवारात एका बोअरला धो धो पाणी लागते आणि थोड्या अंतरावरचा दुसरा धूळ उडवत कोरडा जातो. दोघांनीही कर्ज काढलेले असते, दोघांनीही पाणाड्याकडून जागा दाखवून घेतलेली असते. पाच वर्षांनी पहिल्याकडे ऊस किंवा मोसंबी उभी राहते आणि गाव त्याला 'हुशार शेतकरी' म्हणू लागते. दुसऱ्याबद्दल 'त्याला शेती जमली नाही' असे बोलले जाते. खडकातल्या भेगेचे श्रेय एका माणसाला आणि तिच्या नसण्याचा दोष दुसऱ्याला.

रस्त्याचेही तसेच. सोलापूर-धुळे महामार्ग, जुना क्रमांक २११ आणि आताचा ५२, गेल्या दशकात चौपदरी झाला. २०१३चा भूसंपादन कायदा २०१५पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाला आणि बाजारभावाने येणाऱ्या किमतीवर तितकीच दिलासा रक्कम मिळू लागली. पिढ्यान् पिढ्या ज्या तुकड्याला कुणी विचारत नव्हते, तो आखणीत आला म्हणून एखाद्या घरात एकदम मोठी रक्कम यावी आणि शेजारचा बांध आखणीबाहेर राहिला म्हणून तिथे छदामही येऊ नये, असे महामार्गाच्या कडेच्या गावांमध्ये घडते. ज्याला मिळाले त्याने काही लबाडी केलेली नसते. ज्याला मिळाले नाही त्याचा आळस आड आलेला नसतो. पण आठ-दहा वर्षांत दोन घरांमध्ये सोयरीक होईनाशी होते, आणि पैशाबरोबर अक्कलही आली असे दोन्ही घरे मानू लागतात.

श्रीमंतीचा तिसरा उगम वेगळा आहे, कारण तो दैवाचा नाही, माणसाच्या घामाचा आहे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळच्या खोपीत राहायचे आणि पहाटेपासून मोळ्या बांधायच्या, थेट पाडवा-चैत्रापर्यंत. या श्रमावर कारखाने चालतात आणि कारखान्यांवर राजकारण. मात्र गावातल्या प्रतिष्ठेच्या शिडीवर कोयता सगळ्यात खाली असतो. 'कोयत्यावर जाणारं घर आहे' एवढे सांगितले की स्थळ मागे पडते. त्याच गावात मुकादमाची नवी गाडी आली की पारावरची माणसे सरकून जागा देतात. ती गाडी किती कोयत्यांच्या कमिशनवर आली, उचल फेडून घेताना हिशेबाच्या वहीत काय लिहिले गेले, हे कुणी विचारत नाही. मला आपल्या समाजातली ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वाटते. कष्ट करणाऱ्याची कीव करायची आणि त्याच्या कष्टावर टक्का घेणाऱ्याला मान द्यायचा, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे असे जाणवतही नाही.

सरकारनेही शेजाऱ्यावर नजर ठेवायला शिकवले. १ मे १९९९पासून राज्यात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक असेल तर पांढरी. घरात फोन किंवा चारचाकी असेल तर पिवळी नाही. हेतू वाईट नव्हता. थोडे धान्य खऱ्या गरजूपर्यंत पोचावे एवढाच होता. पण माणसाच्या ऐपतीला रंग मिळाला आणि प्रत्येक ग्रामसभेत 'त्याचं नाव यादीत कसं?' हा प्रश्न सुरू झाला. घरकुलाच्या यादीवरून तेच. जुलै २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिन्याला दीड हजार रुपये, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर अपात्र. पडताळणी सुरू झाल्यावर शेजारणीच्या दारातल्या गाडीकडे बघणे हे जणू नागरिकाचे कर्तव्यच होऊन बसले. दीड हजारांसाठी दोन बायका बोलेनाशा होतात. ज्या उत्पन्नाच्या दाखल्यावर हे सगळे उभे आहे, तो दाखला कसा निघतो हे तहसीलच्या आवारात ज्याला-त्याला ठाऊक असते. त्याबद्दल मात्र कुणी भांडत नाही.

या मोजमापाची सर्वांत जड किंमत मुलींनी दिली आहे. लग्न हा आपल्याकडे ऐपतीचा जाहीर पंचनामा असतो. मांडव केवढा, जेवणावळ किती, मानपानात कुणाला काय दिले, नवरदेवाला किती तोळे घातले, हे महिनोन् महिने बोलले जाते. 'लोक काय म्हणतील' यातले लोक म्हणजे तीन-चार शेजारची घरे आणि भावकी. त्यांच्यासाठी बाप सावकाराकडे जातो. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३मध्ये लिहिला तेव्हाही लग्नापायी होणारे कर्ज त्यांच्यासमोर होते. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून कर्ज काढून सण-लग्न करू नका म्हणून सांगत फिरले. आपण त्यांची जयंती करतो. १९६१पासून हुंडा घेणे-देणे गुन्हा आहे, तरी बैठकीत आकडा ठरतोच.

याचा परिणाम २०११च्या जनगणनेत उतरला. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात बीड जिल्ह्यात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. मुलगी म्हणजे हुंडा, हुंडा म्हणजे कर्ज, म्हणून ती नकोच. जी जन्मली तिचे लवकर उरकून टाकायचे: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरापूर्वी झालेले आढळले. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर मागे कुणाकडे ठेवायची, ही भीती त्यामागे आहे, आणि लग्न करून दिले की जोडीचा एक कोयता वाढतो हा हिशेबही आहे. दुसरीकडे, याच महामार्गाने गाठता येणाऱ्या सोलापुरात डिसेंबर २०२२मध्ये बाशिंग बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. आम्हाला लग्नाला मुली मिळत नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. बातम्यांनी त्याची गंमत केली. मला तो मोर्चा अतिशय दुःखाचा वाटला. शेतीवर राहणाऱ्या मुलाला आज मुलीचा नोकरदार बापच नव्हे, शेतकरी बापसुद्धा नाकारतो. 'नोकरीवाला पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे.' ज्या मापाने मुलींना ओझे ठरवले, त्याच मापाने आता मुलगे कमी भरत आहेत.

आतापर्यंत मी वर पाहणाऱ्या डोळ्याबद्दल बोललो. खालून वर येणाऱ्याकडे पाहणारा डोळा अधिक धोकादायक असतो, आणि मराठवाड्याला त्याचा अनुभव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्या शिक्षणातून पुढच्या पंचवीस वर्षांत दलित तरुण शिक्षक झाले, कारकून झाले, गावी पक्क्या घराला पैसे पाठवू लागले. जुलै १९७८मध्ये मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दंगली उसळल्या. घरे जाळली गेली, त्यांत धान्य आणि संसार गेला, माणसे मारली गेली. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी खेड्यातल्या मजुराचे घर का जळावे? कारण राग नुसता पाटीचा नव्हता. ज्याने खालीच राहावे असे गृहीत धरले होते, त्याच्या अंगावर इस्त्रीचे कपडे आणि घरात पगार दिसू लागला होता. त्याच्याहून कितीतरी श्रीमंत माणूस गावात असतो, पण त्याचा हेवा वाटत नाही. त्याचे श्रीमंत असणे 'शोभते'. हा हेवा पैशाचा नव्हे, पायरीचा होता. आरक्षणाच्या वादात गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यात गावागावांतले बोलणे तुटले, तिथेही दोन एकरवाला दुसऱ्या दोन एकरवाल्याच्या पोराची नोकरी मोजत बसला आहे. दोघांच्या पोरांना पुरतील एवढ्या नोकऱ्या का नाहीत, हा प्रश्न दोघांनी मिळून विचारायचा राहून गेला.

आता मी एका शब्दाविरुद्ध तक्रार करणार आहे, कारण तो फार सोयीस्करपणे वापरला जातो. 'जळतात' हा तो शब्द. टेम्पोच्या, जीपच्या मागे रंगवलेला असतो, पुढाऱ्याच्या भाषणात येतो, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर झळकतो. आमचे चांगले झाले म्हणून लोक जळतात. कधी ते खरेही असते. पण गावच्या बंधाऱ्याचे काम कागदावर पूर्ण झाले आणि ओढ्यात मातीही पडली नाही, हे विचारणारा जळत नसतो. आपल्या उचलीतून किती कापले हे विचारणारी बाई जळत नसते. शेजाऱ्याच्या मोबदल्यात बागायतीचा दर लागला आणि आपल्या तशाच जमिनीला जिरायतीचा का, हे विचारणारा शेतकरीही नाही. हेवा आणि न्यायाची मागणी सारख्याच सुरात बोलतात, म्हणून वरच्यांना दुसरीला पहिलीचे नाव देणे सोपे जाते. आणि खालचेही मग खरा प्रश्न सोडून शेजारणीच्या साडीवर बोलत राहतात. त्यात धोका काही नसतो.

फरक ओळखायची एक साधी रीत मला सुचते. समोरच्याचे गेले तर आपल्याला बरे वाटेल का? वाटत असेल तर तो हेवा. आपल्याला हवे आहे ते त्याच्याकडे राहूनही आपल्याला मिळू शकत असेल आणि तेवढ्याने आपले समाधान होणार असेल, तर ती मागणी आहे आणि ती मोठ्याने करायला हवी.

ती करायला जागाही आहेत. १९७२च्या दुष्काळात बऱ्या घरच्या माणसांनाही खडी फोडायला उतरावे लागले, आणि त्यातून जी रोजगार हमी पुढे कायद्याने आली तिचे तत्त्व असे होते की काम मागणाऱ्याला त्याची ऐपत विचारायची नाही. नंतरच्या, २००५च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेला या कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार दिला. ऊसतोड मजुरांची नोंद ग्रामसेवकाने करायची आणि त्यांना ओळखपत्र द्यायचे, हा निर्णय २०२१चा आहे. भूसंपादनाचा निवाडा हा सरकारी दस्त आहे. कोणत्या गटाला कोणता दर लागला हे त्यात लिहिलेले असते आणि माहिती अधिकारात त्याची प्रत मागता येते. तो अर्ज करणाऱ्याला गावात आजही पहिल्यांदा विचारले जाते, 'तुझ्या का पोटात दुखतंय?'