न आवडणाऱ्यांची सेवा

ख्रिस्ती शिकवणीत प्रीती ही आज्ञा आहे. आवडनिवड हुकमाने बदलत नाही, वागणे मात्र बदलता येते. त्यामुळे या आज्ञेचा रोख मनातल्या ओढीपेक्षा दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कृतीवर आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत या प्रीतीला मुख्यतः ‘अगापे’ म्हटले आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात पौल तिचे वर्णन सहनशीलतेपासून सुरू करतो आणि पुढे ती कशी वागते, कशी वागत नाही हे सांगत जातो. तापट, तक्रारखोर किंवा केलेले न जाणणाऱ्या माणसाची सेवा करताना आवडीचा आधार नसतो. म्हणून तिथेच या प्रीतीचा कस लागतो.

या विचाराचे मूळ येशूच्या बोलण्यात आणि वागण्यात आहे. डोंगरावरील प्रवचनात तो शत्रूवरही प्रीती करायला सांगतो आणि त्यासाठी देवाच्या स्वभावाचा दाखला देतो: ऊन-पाऊस देताना देव बरा-वाईट पाहत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तो शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतो. त्याला शत्रूच्या हाती देणारा यहूदा इस्कर्योत तेव्हा पंगतीतच होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात स्वतःचे प्रचंड कर्ज माफ झालेला, पण सोबत्याच्या किरकोळ देण्यासाठी त्याचा गळा धरणारा चाकर येतो. सेवा करणाऱ्याची जागा या दृष्टांताने ठरते. तो उपकारकर्ता नसतो. तोही माफी मिळालेला ऋणकोच असतो.

रोजच्या व्यवहारात ही प्रीती कशी दिसते, याचे बारीक चित्र फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठातल्या संत तेरेझा (1873–1897) यांच्या आत्मकथनात सापडते. एका अपंग, वृद्ध आणि सहजासहजी समाधान न होणाऱ्या भगिनीला प्रार्थनागृहातून भोजनगृहात नेण्याचे काम त्यांनी आपणहून मागून घेतले. हात धरायचा कसा, चालायचे किती हळू, याचे त्या भगिनीचे नियम ठरलेले होते. पुढे तिला पाव कापणे जड जाते हे लक्षात आल्यावर तेरेझा तोही कापून देऊ लागल्या. दुसऱ्या एका भगिनीचे सारेच त्यांना खटके. तिच्यासाठी त्या प्रार्थना करीत, तिची कामे करीत आणि राग अनावर होईल असे वाटले की सरळ तिथून निघून जात. आपली ताकद ओळखून घेतलेली ही माघारही त्यांच्या साधनेचाच भाग होती.

पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) आयुष्यातही अशा सेवेचे दर्शन निर्णायक ठरले. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वॉन्टेजच्या मठातील भगिनींनी लंडनमध्ये फुलहॅम येथे चालवलेले, ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीचे केंद्र त्यांनी पाहिले. या स्त्रियांची इतक्या मायेने सेवा का करता, असे विचारल्यावर त्यांना उत्तरादाखल येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा मिळाली. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन उभारले.

या सेवेला मर्यादाही आहे. मत्तयाच्या त्याच 18 व्या अध्यायात अपराध करणाऱ्याला आधी एकांतात, मग एक-दोघांसमोर आणि शेवटी मंडळीपुढे त्याची चूक दाखवायला सांगितले आहे. क्षमा करणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे. मार खाणाऱ्याला प्रीतीच्या नावाखाली गप्प बसवणे हा या शिकवणीचा विपर्यास आहे.

समोरचा माणूस सुधारला की नाही, यावर मात्र सेवेचे मोल ठरत नाही. पाय धुऊन घेतल्यावरही यहूदा त्या रात्री उठून बाहेर पडलाच.